दुसरे येणे : एका रॉक अल्बमच्या निमित्ताने

मराठी साहित्याच्या अभ्यासात पहिल्या पुस्तकाला आपण फार मान देतो. ‘पहिलाच संग्रह असूनही’ या शब्दांनी सुरू होणारी परीक्षणे आपण सर्वांनी वाचली आहेत, आणि काहींनी लिहिलीही आहेत. आमच्या नांदेड-लातूर परिसरातही पहिले कवितासंग्रह निघत असतात, त्यांचे प्रकाशन समारंभ होतात, प्रस्तावनांतून कवीच्या अनुभवविश्वाचे कौतुक होते. पुढे त्या कवीचा दुसरा संग्रह निघाला काय, आणि निघाला असल्यास तो पहिल्याहून निराळा आहे काय, हा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारीत नाही. प्रस्तुत लेखात हाच प्रश्न आम्ही साहित्याबाहेरच्या एका उदाहरणावरून विचारू इच्छितो. मुंबईच्या ‘रॉक मशीन’ या बँडने १९९० साली आपला दुसरा स्टुडिओ अल्बम काढला. त्याचे नाव ‘द सेकंड कमिंग’, म्हणजे ‘दुसरे येणे’. पुढे चार वर्षांनी, १९९४ साली, इंग्लंडमधील मँचेस्टरच्या ‘द स्टोन रोझेस’ या बँडनेही आपल्या दुसऱ्या अल्बमला ‘सेकंड कमिंग’ हेच नाव दिले. या दोन ‘दुसऱ्या’ अल्बमांच्या इतिहासात साहित्याच्या विद्यार्थ्याला उपयोगी पडेल असे बरेच काही आहे, अशी आमची धारणा आहे.

‘बँड’ या शब्दाने आमच्याकडील वाचकांच्या डोळ्यांपुढे प्रथम वरातीपुढे वाजणारा बँड येईल. येथे तो अर्थ नाही. गिटार, बेस, ड्रम, कीबोर्ड आणि गायन अशा चार-सहा जणांचा, आपली गाणी आपणच रचणारा आणि सामुदायिक नावाने ओळखला जाणारा संच, असा येथील अर्थ आहे. ‘आपली गाणी आपणच रचणारा’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. मुंबईत तेथवर पोचायला काही दशके लागली.

मराठीतील काही ‘दुसरी’ पुस्तके

मुंबईकडे जाण्यापूर्वी आपल्या घरातील उदाहरणे आठवणे बरे. बा. सी. मर्ढेकरांचा पहिला संग्रह ‘शिशिरागम’ १९३९ साली आला. त्यातील कवी पूर्वसूरींच्या रोमँटिक वळणातून अजून बाहेर पडलेला नाही. मर्ढेकर केवळ ‘शिशिरागम’ लिहून थांबले असते तर आज त्यांचे नाव वाङ्मयेतिहासाच्या एखाद्या तळटीपेत राहिले असते. १९४७ साली आलेल्या ‘काही कविता’ या दुसऱ्या संग्रहाने मराठी कवितेचे वळणच बदलले. त्याची किंमतही कवीला मोजावी लागली. अश्लीलतेचा खटला झाला, आणि त्यातून ते निर्दोष सुटले. नवकवितेचा आरंभ आपण ज्या पुस्तकापासून मोजतो, ते एका कवीचे दुसरे पुस्तक आहे, ही गोष्ट वर्गात शिकवताना आपण जवळजवळ विसरून जातो.

दुसऱ्या पुस्तकाच्या अडचणीची रूपे अनेक आहेत. भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ १९६३ साली आली आणि दुसरी कादंबरी ‘बिढार’ १९७५ साली. मधली बारा वर्षे आणि पांडुरंग सांगवीकराकडून चांगदेव पाटलाकडे झालेला प्रवास, या दोन्ही गोष्टी पहिल्या कृतीच्या यशातून सुटण्याची खटपट दाखवतात. नामदेव ढसाळ यांच्या ‘गोलपिठा’नंतर (१९७२) तीनच वर्षांनी ‘मूर्ख म्हाताऱ्याने डोंगर हलवले’ हा संग्रह आला. शीर्षकच माओच्या भाषणातल्या गोष्टीवरून घेतलेले. मुंबईच्या एका वस्तीतून निघालेली कविता आता राजकीय भूमिकेच्या अधिक उघड भाषेत बोलू लागली होती. अरुण कोलटकर यांचे उदाहरण तर टोकाचे आहे. ‘अरुण कोलटकरच्या कविता’ १९७७ साली आणि त्यानंतरचा ‘चिरीमिरी’ हा मराठी संग्रह २००३ साली, म्हणजे मध्ये सव्वीस वर्षांचा काळ. या काळात कवी लिहीत होता, परंतु पुस्तक काढीत नव्हता.

पहिल्या पुस्तकात लेखकाच्या आयुष्यातली सगळी साठवण असते. वीस-पंचवीस वर्षांचे जगणे, वाचन आणि आवडत्या लेखकांचे संस्कार त्यात एकदम उतरतात. दुसऱ्या पुस्तकाच्या वेळी ती साठवण संपलेली असते. आता उसने किती आणि आपले किती याचा हिशेब लेखकाला स्वतःलाच करावा लागतो. पाश्चात्य संगीतसमीक्षेत ‘दुसऱ्या अल्बमची अडचण’ हा विषय वारंवार निघतो तो याच कारणाने. फरक इतकाच की कवीला सव्वीस वर्षे थांबण्याची मुभा असते. बँडपुढे कंपनीचा करार, श्रोत्यांचा बदलता कल आणि सहा जणांची पोटे असतात.

उसन्या गाण्यांचे दिवस

भारतातील शहरांत १९६० च्या दशकापासून इंग्रजी गाणी वाजवणारे बँड होते. ‘सिमला’ या सिगारेटच्या नावाने भरणाऱ्या ‘सिमला बीट’ स्पर्धेतील निवडक बँडच्या तबकड्या १९७० आणि १९७१ साली निघाल्या. मात्र या परंपरेत सर्वसाधारण अपेक्षा अशी होती की बँडने परदेशी बँडची लोकप्रिय गाणी हुबेहूब वाजवावीत. मूळ तबकडी मिळणे दुर्मीळ, परदेशी कलावंत येथे येणे त्याहून दुर्मीळ. त्यामुळे हुबेहूब वाजवणाऱ्याला मान होता, आणि स्वतःचे गाणे सुरू केले की श्रोते अस्वस्थ होत. आपल्याकडील भाषेत सांगायचे तर हे पारायण होते. पारायणात ग्रंथ दुसऱ्याचा असतो, आणि वाचणाऱ्याने त्यात पदरचे काही घालू नये अशी अपेक्षा असते.

या काळातील एक प्रसंग मराठीच्या अभ्यासकाने लक्षात ठेवावा असा आहे. १९७३ च्या सुमारास अरुण कोलटकरांनी इंग्रजीत काही गाणी रचली आणि ती स्वतःच्या आवाजात ध्वनिमुद्रितही केली. अमेरिकन ब्लूज आणि रॉक यांची त्यांना उत्तम जाण होती. त्याबरोबरच ते अर्जुन शेजवळ यांच्याकडे पखवाज शिकले, आणि भजन गाणाऱ्या बळवंतबुवांशी त्यांचा दीर्घ स्नेह होता. या गाण्यांची संहिता त्यांच्या निधनानंतर अरविंद कृष्ण मेहरोत्रा यांनी संपादित केलेल्या ‘द बोटराइड’ (२००९) या संग्रहात आली. गायक म्हणून कोलटकरांचा अल्बम मात्र कधीच निघाला नाही. पहिलाच निघाला नाही, तर दुसऱ्याचा प्रश्नच नव्हता. ‘जेजुरी’ (१९७६) लिहिणारा कवी गिटारीच्या संगतीने गाणी करू पाहत होता आणि मुंबईच्या ध्वनिमुद्रण व्यवसायात त्याला जागा नव्हती, एवढ्या एका गोष्टीवरून त्या काळाची कल्पना यावी.

१९८४ ते १९९०

‘रॉक मशीन’ची स्थापना मुंबईत १९८४ साली झाली. दोन्ही अल्बमांच्या काळातील सदस्य असे : गायक उदय बेनेगल, गिटारवादक महेश तिनईकर आणि जयेश गांधी, बेसवादक मार्क सेल्विन, कीबोर्डवादक झुबिन बालापोरिया आणि ड्रमवादक मार्क मेनेझेस. नुसती नावे वाचली तरी कोकणी-मराठी किनारपट्टी, गुजरात, पारशी आणि ख्रिस्ती मुंबई असे सारे शहर त्यात सापडते. सुरुवात अर्थातच इतरांची गाणी वाजवण्यापासून झाली. धोबीतलावाजवळचे, सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या शेजारचे ‘रंगभवन’ हे खुले नाट्यगृह म्हणजे त्या काळातील रॉक श्रोत्यांची पंढरीच होती. स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास भरणारा ‘इंडिपेंडन्स रॉक’ हा महोत्सव १९८० च्या दशकात तेथे रुजला. पुढे शांतता क्षेत्राच्या नियमांमुळे रंगभवनातील संगीत थांबले.

१९८८ साली ‘रॉक मशीन’चा पहिला अल्बम ‘रॉक अँड रोल रेनेगेड’ निघाला. बँडने स्वतः रचलेल्या गाण्यांचा अल्बम कंपनीने काढावा, ही तेव्हा मोठीच गोष्ट होती. शीर्षकातील ‘रेनेगेड’ म्हणजे फितूर, बंडखोर. बंडखोरीची ही मुद्रा मात्र अमेरिकन हार्ड रॉककडून घेतलेली होती. केसांची ठेवण, आवाजाची फेक, गिटारीची तान यांचे वळण कॅलिफोर्नियाचे होते. यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. ‘शिशिरागम’मधील मर्ढेकरही पूर्वसूरींच्या भाषेतच बोलत होते. उसन्या भाषेत का होईना, स्वतःचे वाक्य रचणे ही शिकण्याची आवश्यक पायरी असते.

येथे ‘स्टुडिओ अल्बम’ या शब्दाविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत. मंचावरचे वादन हा प्रयोग असतो. तो घडतो आणि विरतो. स्टुडिओत प्रत्येक वाद्य वेगळ्या पट्टीवर मुद्रित होते, चुकलेला भाग पुन्हा घेता येतो, आवाजांचे थर एकावर एक रचले जातात आणि शेवटी त्यांचे प्रमाण ठरवून एक निश्चित रूप तयार होते. नाटकाचा प्रयोग आणि नाटकाची छापील संहिता यांत जो फरक, तसाच हा. इतरांची गाणी वाजवणाऱ्या बँडला संहितेची गरज नसते, कारण ती आधीच दुसऱ्याने सिद्ध केलेली असते. स्वतःची संहिता सिद्ध करायची ठरली की स्टुडिओ अपरिहार्य होतो, आणि तेथे खर्च, कंपनी, वेळ हे सारे प्रश्न येतात. म्हणून बँडच्या इतिहासात स्टुडिओ अल्बमांना, कवीच्या इतिहासात संग्रहांना असते तसे, मैलाच्या दगडाचे स्थान असते.

दोन वर्षांनी, १९९० साली, ‘द सेकंड कमिंग’ आला. शीर्षकाचा एक अर्थ सरळ आहे : आम्ही पुन्हा आलो आहोत. दुसरा अर्थ ख्रिस्ती श्रद्धेतील, प्रभूच्या पुनरागमनाचा. इंग्रजी साहित्याच्या विद्यार्थ्याला तिसरा अर्थही आठवेल. डब्ल्यू. बी. येट्स या आयरिश कवीने पहिल्या महायुद्धानंतर, १९१९ साली, याच शीर्षकाची कविता लिहिली. तीत पुनरागमनाची आशा उलटी होते. जुनी व्यवस्था मोडत असताना जे येऊ घातले आहे ते तारणहाराऐवजी काही भयंकरच असेल, अशी शंका कवी व्यक्त करतो. बँडने हा अर्थ मनात धरला होता असे आमचे म्हणणे नाही. परंतु शीर्षके कधी कधी आपल्या कर्त्यांपेक्षा अधिक जाणतात. १९९० साली खरोखरच एक व्यवस्था मोडत आलेली होती.

उंबरठ्यावरचे वर्ष

१९९० साली भारतात दूरदर्शन हीच एकमेव दूरचित्रवाणी होती. संगीताचा प्रसार मुख्यतः कॅसेटवर चालत असे. पीटर मॅन्युएल यांनी ‘कॅसेट कल्चर’ (१९९३) या ग्रंथात दाखविल्याप्रमाणे, कॅसेटने ग्रामोफोन कंपनीची मक्तेदारी मोडली आणि लहान निर्मात्यांना, प्रादेशिक व लोकसंगीताला बाजार मिळवून दिला. स्वस्त यंत्र, स्वस्त फीत आणि तालुक्याच्या बाजारापर्यंत पोचणारी वितरणाची साखळी, ही त्यामागची कारणे होती.

आमच्या बिलोलीपुरते बोलायचे तर मांजरेच्या काठचा हा सीमेवरचा तालुका. पलीकडे बोधन, निजामाबाद. घरात मराठी, बाजारात दखनी उर्दू आणि तेलुगू, थोडे दक्षिणेला सरकले की कन्नड. आमच्या शाळकरी वयातील कॅसेटवर प्रल्हाद शिंदे यांची भक्तिगीते होती, आनंद शिंदे होते, भीमगीते होती, कव्वाली होती आणि तेलुगू चित्रपटांची गाणी होती. ‘रॉक मशीन’ची फीत मागणारे गिऱ्हाईक येथे नव्हते. ज्या कॅसेटच्या क्रांतीने बिलोलीच्या कानांपर्यंत भीमगीते पोचवली, तीच क्रांती मुंबईतील इंग्रजी बँडला महानगरे आणि महाविद्यालयीन महोत्सव यांच्या पलीकडे नेऊ शकली नाही. यंत्र एकच असले तरी त्याचे दोन ठिकाणी दोन परिणाम झाले, कारण भाषेची आणि वर्गाची भिंत यंत्राने पडत नसते. या अल्बमाच्या इतिहासाची ही बाजू झाकून ठेवण्यात अर्थ नाही.

पुढचे वर्ष १९९१ चे. जुलै महिन्यात नव्या आर्थिक धोरणाची घोषणा झाली. त्याच वर्षी स्टार वाहिन्यांबरोबर ‘एमटीव्ही’चे आशियाई प्रक्षेपण भारतात दिसू लागले. आणि सप्टेंबरात अमेरिकेत ‘निर्वाणा’ या बँडचा ‘नेव्हरमाइंड’ हा अल्बम निघाला. हाही दुसराच अल्बम, हे येथे मुद्दाम नोंदवले पाहिजे. पहिला ‘ब्लीच’ (१९८९) ‘सब पॉप’ या सिएटलच्या छोट्या, स्वतंत्र कंपनीने काढला होता आणि त्याच्या मुद्रणाला अवघा सहाशे डॉलरांच्या आसपास खर्च आला होता. ‘नेव्हरमाइंड’ने जानेवारी १९९२ मध्ये मायकेल जॅक्सनच्या ‘डेंजरस’ला अमेरिकेतील विक्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावरून खाली आणले. त्यानंतर चकचकीत कपड्यांचा, लांब तानांचा हार्ड रॉक एकाएकी जुना वाटू लागला.

‘द सेकंड कमिंग’ १९९१ च्या उंबरठ्याच्या अलीकडे राहिला. ज्या परदेशी वळणावर तो उभा होता ते वळण परदेशातच मोडीत निघाले. ज्या माध्यमाने त्याला देशभर पोचवले असते ते माध्यम एका वर्षाने उशिरा आले. उसन्या शैलीचा खरा धोका येथे दिसतो. ती कोणी देत नाही म्हणून अडचण होत नाही. देणाऱ्याने आपले दुकान बदलले की घेणाऱ्याच्या हाती जुना माल उरतो, ही अडचण होते. मराठी कवितेतही हे घडले आहे. एकेका नव्या प्रवाहाची उसनी प्रतिमासृष्टी घेऊन निघालेले संग्रह, तो प्रवाह ओसरला की वाचवत नाहीत.

नाव बदलण्याचा प्रसंग

१९९३ साली या बँडने नऊ वर्षे वापरलेले, श्रोत्यांना पाठ झालेले नाव टाकले आणि ‘इंडस क्रीड’ हे नाव घेतले. त्याच वर्षी अलाहाबादहून ‘रॉक स्ट्रीट जर्नल’ हे नियतकालिक सुरू झाले, म्हणजे या संगीताला स्वतःचे लेखी व्यासपीठ मिळू लागले होते. ‘रॉक मशीन’ हे नाव जगातल्या कोणत्याही शहरातील बँडचे असू शकले असते. ‘इंडस’ म्हणजे सिंधू. ते नाव घेताच भूगोल आला, आणि भूगोलाबरोबर जबाबदारी आली. १९९५ साली नव्या नावाचाच अल्बम निघाला. १९९७ साली बँड विसर्जित झाला. २०१० साली काही जुने आणि काही नवे सदस्य घेऊन तो पुन्हा उभा राहिला आणि २०१२ साली ‘इव्हॉल्व्ह’ हा अल्बम आला.

आता मोजणी करून पाहू. ‘रॉक मशीन’चा दुसरा अल्बम १९९० चा. परंतु नाव बदलले तेव्हा मोजणी पुन्हा एकपासून सुरू झाली असे मानले, तर ‘इंडस क्रीड’चा पहिला अल्बम १९९५ चा आणि दुसरा २०१२ चा, म्हणजे सतरा वर्षांनंतरचा. आमच्या मते या बँडचे ‘दुसरे येणे’ १९९० च्या अल्बमात पूर्ण झाले नाही. त्या अल्बमाने ते जाहीर केले. ते प्रत्यक्षात यायला नाव टाकून द्यावे लागले. ‘शिशिरागम’ आणि ‘काही कविता’ यांच्यामध्ये मर्ढेकरांच्या मनात जे घडले ते आपल्याला पुस्तकांच्या अंतरावरून ताडावे लागते. बँडच्या बाबतीत ते नावाच्या बदलात उघड दिसते. संगीताचा इतिहास साहित्याच्या विद्यार्थ्याला येथे मदत करतो.

मँचेस्टरचे उलटे उदाहरण

‘द स्टोन रोझेस’चा पहिला अल्बम १९८९ साली ‘सिल्व्हरटोन’ या कंपनीने काढला. १९६० च्या दशकातील गिटारीची झिलई आणि मँचेस्टरच्या नृत्यगृहांतील ताल यांच्या मिलाफातून निघालेला हा आवाज अस्सल त्या शहराचा होता. इंग्लंडच्या ‘इंडी’ संगीताची नंतरची पिढी त्याच्याकडे गुरुस्थानी पाहते. पुढे कंपनीशी न्यायालयीन वाद झाला. १९९१ साली बँड करारातून सुटला आणि ‘गेफेन’ या मोठ्या अमेरिकन कंपनीकडे गेला. दुसरा अल्बम डिसेंबर १९९४ मध्ये आला. साडेपाच वर्षे वाट पाहायला लावल्यावर ‘सेकंड कमिंग’ या नावात थोडी थट्टा आणि थोडा गर्व होता. वेल्समधील रॉकफील्ड स्टुडिओत त्याचे बरेचसे काम झाले. पहिलेच गाणे अकरा मिनिटांहून मोठे.

या अल्बमाने श्रोते गोंधळले. बँड स्वतःचा आवाज सोडून ‘लेड झेपेलिन’च्या जुन्या, जड गिटारीकडे गेला होता. अल्बम ब्रिटिश यादीत चौथ्या क्रमांकापर्यंत पोचला, परंतु १९९५ साली ड्रमवादक बाहेर पडला, १९९६ साली गिटारवादक जॉन स्क्वायर बाहेर पडला आणि त्याच वर्षी बँड संपला. मुंबईचा बँड हार्ड रॉकच्या उसन्या शैलीतून आपल्या नावाकडे निघाला होता, तर मँचेस्टरचा बँड आपल्या आवाजाकडून हार्ड रॉकच्या वारशाकडे गेला. एकाच शीर्षकाखाली दोन प्रवास विरुद्ध दिशांनी झाले. यावरून एक सोपी समजूत सोडून द्यावी लागते. पहिल्या कृतीत अनुकरण आणि दुसरीत स्वत्व, असा क्रम निसर्गाने ठरवून दिलेला नाही. दुसरी कृती ही निवड असते, आणि निवड चुकूही शकते. पण ती करावी लागते, हे दोन्ही ठिकाणी सारखेच आहे.

देशीयतेचा प्रश्न

१९९० हेच वर्ष मराठी समीक्षेतही महत्त्वाचे आहे. याच वर्षी औरंगाबादहून (आजचे छत्रपती संभाजीनगर) नेमाडे यांचे ‘टीकास्वयंवर’ प्रकाशित झाले आणि पुढे १९९१ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्यास मिळाला. साहित्याने आपल्या भूमीशी, भाषेशी आणि समाजाशी इमान राखले पाहिजे, परदेशी वाङ्मयाचे अनुकरण हे दुबळेपणाचे लक्षण आहे, हा विचार त्यानंतर मराठीच्या वर्गांत ठामपणे मांडला जाऊ लागला. त्या कसोटीवर ‘द सेकंड कमिंग’चे काय होईल? भाषा इंग्रजी, वाद्ये परदेशी, शीर्षक बायबलमधील. प्रथमदर्शनी निकाल स्पष्ट वाटतो.

आम्हाला तो इतका स्पष्ट वाटत नाही. वाद्याच्या जन्मगावावरून देशीयता ठरवायची तर आपल्या भजनी मंडळांतील बाजाची पेटीही बाहेर ठेवावी लागेल, कारण हार्मोनियम युरोपातून आला आहे. तो आपला झाला तो वापराने, आणि त्या वापरात आपल्या गायकांनी घातलेल्या भरीने. भाषेची कसोटी अधिक अवघड आहे, आणि तेथे आक्षेपात तथ्य आहे. १९९० चा तो अल्बम मुंबईत, महाराष्ट्राच्या राजधानीत तयार झाला, आणि मराठी वाङ्मयीन जगाला त्याचा पत्ताही लागला नाही. त्याच शहरातील शाहिरी, भीमगीते, लोकनाट्य यांच्याशी त्या संगीताचा संवाद झाला नाही. कोलटकरांच्या एकट्याच्या देहात पखवाज आणि ब्लूज एकत्र नांदले. शहराच्या संगीतात ती गाठ पडली नाही. याचा दोष बँडवर टाकून मोकळे होता येणार नाही. आपल्या समीक्षेनेही गाण्याला, विशेषतः महाविद्यालयीन तरुणांच्या गाण्याला, वाचण्याजोगी संहिता मानलेले नाही.

‘इंडस क्रीड’ या नावाकडे आम्ही पुन्हा पुन्हा वळतो ते यासाठी. समीक्षकाने बाहेरून सांगितल्यामुळे तो बदल घडला नाही. दोन अल्बम काढल्यावर, उसन्या शैलीचे शेवटचे टोक गाठल्यावर, आतूनच तो प्रश्न उभा राहिला. आपण कुठले? देशीयतेचा प्रश्न जेव्हा कलावंताच्या स्वतःच्या कामातून उगवतो तेव्हाच तो त्याच्या कामाचा होतो. प्राध्यापकाने फळ्यावर लिहिलेला देशीवाद विद्यार्थ्याच्या दुसऱ्या कवितासंग्रहाला जन्म देत नाही.

वर्गातील उपयोग

आता आरंभीच्या प्रश्नाकडे येऊ. आमच्या भागात पहिले संग्रह निघतात आणि पुष्कळदा तेथेच थांबतात, याची कारणे आर्थिक आहेतच. पदरमोड करून काढलेल्या पुस्तकाचे गठ्ठे घरात पडून राहिले की दुसऱ्याची हिंमत होत नाही. परंतु एक कारण आपल्या शिकवण्यातही आहे. आपण विद्यार्थ्याला पहिल्या कृतीसाठी तयार करतो. भरपूर वाच, अनुभव घे, मोठ्यांचे वळण गिरव, असे सांगतो. ते योग्यच आहे. पण त्यानंतर काय, हे आपल्या अभ्यासक्रमात कोठेच येत नाही. मर्ढेकर शिकवताना आपण थेट ‘काही कविता’ उघडतो. ‘शिशिरागम’मधल्या चार कविता शेजारी ठेवून, हा माणूस एवढे अंतर कसा चालून गेला, हे विचारीत नाही.

म्हणून आमची सूचना साधी आहे. कोणताही कवी शिकवताना त्याची पहिली आणि दुसरी कृती एकत्र शिकवावी. कोणत्या प्रतिमा त्याने टाकल्या, कोणत्या राखल्या, कोणाचा आवाज गळून पडला, हे विद्यार्थ्यांनी पेन्सिल घेऊन शोधावे. ग्रेस यांच्या ‘संध्याकाळच्या कविता’ (१९६७) आणि ‘राजपुत्र आणि डार्लिंग’ (१९७४) या जोडीवर असा एक तास सहज घेता येईल. आणि ज्या विद्यार्थ्यांचे कान मोबाईलवरच्या गाण्यांत असतात, त्यांच्यासाठी आवडत्या एखाद्या बँडचे पहिले दोन अल्बम याच रीतीने ऐकण्याचा गृहपाठ द्यावा. आज तालुक्याच्या गावातला मुलगाही आपले गाणे घरी मुद्रित करून जगापुढे ठेवू शकतो. १९७३ साली कोलटकरांना जे दार बंद होते ते आता उघडे आहे. पहिले गाणे त्यामुळे सोपे झाले. दुसरे तितकेच अवघड राहिले आहे.

‘रॉक मशीन’ने आपल्या दुसऱ्या अल्बमाला ‘दुसरे येणे’ म्हटले आणि तीन वर्षांनी आपले नावच बदलले. जे जाहीर केले ते खरे करण्यासाठी त्यांना कमावलेली ओळख सोडावी लागली. पहिल्या संग्रहाची प्रत आणून देणाऱ्या प्रत्येक विद्यार्थी-कवीचे अभिनंदन आपण करतोच. ते केल्यावर, यातले तू आता काय सोडणार आहेस, हेही त्याला विचारायला हवे. त्याचे उत्तर त्याच्या दुसऱ्या पुस्तकात येईल, आणि ते पुस्तक आपण पहिल्याइतक्याच आस्थेने वाचले पाहिजे.